जलवाहिनीचं काम : हवामानाची वही

३ एप्रिल

आज चर खोदायला सुरुवात. एकूण लांबी ११ किलोमीटर, पाइप लोखंडी, वेल्डिंगचा. चराची खोली सरासरी १.८ मीटर. पहिले ४ किलोमीटर मोकळं माळरान, सावलीला एक झाड नाही. पुढे ओढ्याचं क्रॉसिंग, मग टेकाडाची चढण. माणसं १९, पोकलेन १, क्रेन १, गाड्या २.

कामाची डायरी वेगळी आहेच. ही दुसरी वही फक्त हवामानासाठी, आणि ती मागच्या एका कामामुळे. तिथे एक हेल्पर कामाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी कोसळला. शुद्धीवर आला, तासभर सावलीत बसला, मग त्याला पुन्हा चरात उतरवलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘चक्कर आली, आता बरा आहे.’ तो किती वेळ उन्हात होता, पाणी कधी प्यायला, आदल्या आठवड्यात कुठे काम करत होता, यातलं काहीच लिहिलं नाही, कारण विचारलंच नव्हतं. संध्याकाळी तो पुन्हा पडला आणि चार दिवस दवाखान्यात होता. वाचला. पण ती ओळ माझ्या हातची आहे आणि ती मला विसरता येत नाही.

या कामावर ठरवलंय : कोणत्या आकड्याला काम थांबवायचं ते आधी लिहून ठेवायचं. ऐन वेळी वाद घालत बसायचं नाही.

६ एप्रिल

सहा जण नवे आले. मुकादम म्हणाले, “साहेब, पोरं तरणीबांड आहेत. पहिल्याच दिवशी दाखवतील काय ते.”

म्हटलं, “काका, तीच तर भीती आहे.”

उन्हाची सवय म्हणजे हिंमत नव्हे, शरीरात घडणारा बदल आहे. रोज थोडंथोडं उन्हात राबलं की घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातून जाणारं मीठ कमी होतं. रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयाला ठोके कमी द्यावे लागतात. याला एक ते दोन आठवडे लागतात. त्याआधी कितीही दमदार गडी असला तरी त्याचं शरीर तयार नसतं, आणि दमदार गडी थांबतही नाही.

म्हणून नव्यांसाठी नियम : पहिल्या दिवशी उन्हातलं जड काम पाळीच्या २० टक्के, रोज २० टक्क्यांनी वाढवायचं, पाचव्या दिवशी पूर्ण. आठ तासांच्या पाळीत पहिल्या दिवशी म्हणजे दीड तासाच्या आसपास. जुना माणूस आठवडाभर किंवा जास्त सुट्टी घेऊन आला तर ५०, ६०, ८०, १०० अशा चार दिवसांत. सवय जशी लागते तशी ती जाते, हे जुन्या लोकांना पटवणं जास्त अवघड गेलं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : “हजेरी पूर्ण लागणार का?” लागणार. ठेकेदारांकडून हे आधीच कबूल करून घेतलं होतं. ती अर्धी केली असती तर पहिल्या तासातच सगळे चरात उतरले असते आणि नियम वहीतच राहिला असता. उरलेल्या वेळात त्यांना ताडपत्रीखाली बोल्ट मोजणं, गॅस्केट लावणं, खुणांचे दगड रंगवणं असली कामं दिली.

१५ एप्रिल

पाणी. ‘तहान लागली की प्या’ हे उन्हात चालत नाही, तहान नेहमी उशिरा लागते. दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर. मुकादमांची शिट्टी वाजली की सगळे पाणी पितात. एकदम लिटर-दीड लिटर ढोसायचं नाही. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ इतकं उतरू शकतं की माणूस त्यानेच बेशुद्ध पडेल. घाम फार गेला असेल तर क्षारसंजीवनीची पुडी.

पिंप चरापासून ३०० मीटरवर ठेवलं होतं. आज पाहिलं, शिट्टीला निम्मीच माणसं जातात. पिंप ४० मीटरवर आणलं. सगळी गेली.

१९ एप्रिल

उन्हाचं मीटर आलं. त्यात तीन तापमापक असतात : एक साधा, एक ओल्या वातीचा आणि एक काळ्या गोळ्यातला. ओल्या वातीचा आकडा सांगतो की घाम वाळून अंग किती थंड होऊ शकेल. काळा गोळा सूर्याची आणि तापलेल्या जमिनीची आच मोजतो. बातम्यांत येणारं तापमान सावलीतलं, हवा खेळत्या पेटीतलं असतं. चरात उभ्या माणसाचं तापमान ते नव्हे.

हिशोब असा : ओल्या वातीचा आकडा गुणिले ०.७, गोळ्याचा गुणिले ०.२, साध्याचा गुणिले ०.१, आणि तिघांची बेरीज. जड कामासाठी, उन्हाची सवय झालेल्या माणसाला २६ ही आंतरराष्ट्रीय मानकातली संदर्भमर्यादा आहे. सवय नसलेल्याला २३. मध्यम कामाला २८ आणि २६. त्यापुढे सलग काम नाही, मध्ये विश्रांती वाढवत न्यायची आणि जड कामं पहाटेवर ढकलायची.

२३ एप्रिल

दोन दिवसांचे आकडे शेजारी लिहून ठेवतो, कारण माझाही अंदाज चुकला होता.

काल दुपारी : साधा ४०, ओला २२, गोळा ५०. म्हणजे १५.४ अधिक १० अधिक ४, एकूण २९.४.

आज दुपारी : साधा ३४, ओला २८, गोळा ४५. म्हणजे १९.६ अधिक ९ अधिक ३.४, एकूण ३२.

आज आभाळ होतं. सकाळी सगळे म्हणाले, बरं झालं, आज ऊन उतरलं. पारा सहा अंशांनी खाली आला होता, आणि दिवस कालच्यापेक्षा वाईट होता. हवेतल्या दमटपणामुळे घाम अंगावरून नुसता गळतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम काहीच थंड करत नाही. सकाळी ११ ला जड काम बंद केलं, ते संध्याकाळी ५ ला पुन्हा सुरू.

२६ एप्रिल

आज वेल्डर. ही नोंद सविस्तर.

साडेदहाला त्याच्या हातातला इलेक्ट्रोड होल्डर जमिनीवर पडला. त्याने तो उचलला नाही, बघत राहिला. फिटरने विचारलं, “काय झालं दादा?” तर म्हणाला, “गेट उघडा की.” इथे गेट नाही. फिटर हसला नाही, सरळ माझ्याकडे धावत आला. त्यासाठी त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

चेहरा लाल, अंग चटका बसेल इतकं तापलेलं. घाम मात्र भरपूर. ‘उष्माघातात घाम थांबतो’ हे ऐकून ऐकून सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. काम करता करता येणाऱ्या उष्माघातात घाम सुरूच असू शकतो. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. बोलणं भरकटलं, चाल गेली, माणूस विनाकारण चिडला, की उष्माघात धरूनच चालायचं. शरीराचं आतलं तापमान तेव्हा ४० च्या वर गेलेलं असू शकतं, आणि त्या तापमानात जाणारं प्रत्येक मिनिट मेंदू आणि मूत्रपिंडांच्या जिवावर येतं.

एकाने रुग्णवाहिकेला फोन केला, बाकीच्यांनी तेवढ्यात गार करायला घेतलं. लेदरचं जॅकेट आणि बूट काढले. पाइपची गळती तपासायला जी मोठी टाकी भरून ठेवली होती तिच्यात पिंपातला बर्फ ओतला आणि त्याला गळ्यापर्यंत बसवला. दोघांनी काखेत धरून डोकं वर ठेवलं. तोंडात पाणी घातलं नाही, शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं. अकरा मिनिटांनी त्याने स्वतःहून विचारलं, “मला पाण्यात का बसवलंय?” रुग्णवाहिका त्यानंतर नऊ मिनिटांनी आली. आधी गार करा, मग हलवा, हाच क्रम. आम्ही नुसती वाट बघत बसलो असतो तर ती वीस मिनिटं हातची गेली असती.

चूक कुठे झाली तेही लिहितो. सकाळी मीटरचा आकडा २५ होता म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण तो आकडा अंगावर हवा खेळणारे कपडे घातलेल्या माणसासाठी असतो. लेदरचं जॅकेट, हातमोजे, तोंडावर हेल्मेट आणि समोर वितळलेलं लोखंड, हा वेल्डरचा दिवस आकड्यात नव्हताच. उद्यापासून वेल्डरांना वेगळी पाळी, पहाटे ५ ते ९, डोक्यावर पांढरी ताडपत्री.

२७ एप्रिल

वेल्डर दवाखान्यात, तब्येत ठीक. मूत्रपिंडाच्या तपासण्या चालू. बर्फाची पिंपं एकाची तीन केली.

८ मे

पहिलं वादळ. पाऊस आला नाही, फक्त वारा आला, आणि तोच घात करतो.

दुपारी साडेतीन. ढग दूर, क्षितिजाला टेकलेला. गरम वारा सुटलेला होता तो अचानक पडला. दोन-तीन मिनिटं पान हलेना. मग एकदम गार झुळूक, आणि तिच्या मागोमाग धुळीची भिंत. ढगातला पाऊस खाली येता येता वाळतो, त्याने हवा थंड आणि जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून ढग अजून लांब असतानाच वारा येऊन थडकतो. गार झुळूक लागल्यावर लोक सुखावून हेल्मेट काढतात. तीच पळायची वेळ असते.

शेडचा एक पत्रा सुटला आणि भिरभिरत ६० मीटरवर जाऊन पडला. कोणाला लागला नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. सेकंदाला १० मीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ६ किलो वजनाइतका रेटतो, २० मीटरचा सुमारे २५ किलोइतका. तीन चौरस मीटरचा पत्रा हातात धरलेल्या माणसाला पहिला वारा सोसतो, दुसरा पत्र्यासकट उचलून आपटतो.

पाइप तेव्हा क्रेनला लटकलेला नव्हता, हे नशीब. नशिबावर ठेवायचं नाही म्हणून : क्रेनच्या पुस्तिकेतली मर्यादा काहीही असो, सेकंदाला ९ मीटरच्या वाऱ्याला उचल बंद. आणि वारा अचानक पडला तर आकडा न बघता बंद. सुट्टे पत्रे, फळ्या, बारदानं संध्याकाळी नव्हे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बांधायची.

१७ मे

वीज. आम्ही नियम पाठ केला होता : वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, म्हणजे ३० सेकंद झाले तर वीज १० किलोमीटरवर. ३० किंवा त्याहून कमी, तर काम सोडून आसरा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही.

आज तो वापरला आणि त्यातली खोच कळली. मोजले तेव्हा २८ सेकंद आले. मी शिट्टी वाजवली. शेवटची टोळी गाडीपासून १.२ किलोमीटरवर होती. अवजारं ठेवून, चरातून वर येऊन, चालत गाडीत बसेपर्यंत १७ मिनिटं. ढग ताशी ४० किलोमीटरने चालला असेल तर १० किलोमीटर तो १५ मिनिटांत गाठतो. म्हणजे आम्ही नियम पाळला, आणि तरीही शेवटची माणसं ढगाच्या पोटाखाली चालत होती.

त्यांतल्या दोघांच्या खांद्यावर टोटल स्टेशनचा, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्राचा, ट्रायपॉड होता. महागाचं यंत्र टाकून कसं यायचं, असं त्यांना वाटलं. चूक त्यांची नाही. यंत्र टाकून यायचं, असं त्यांना कोणी शब्दांत सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं.

१८ मे

कालच्यावरून बदल. गाडी आता मुक्कामाच्या जागी उभी राहणार नाही, टोळीबरोबर पुढे सरकणार. कोणत्याही माणसापासून बंद गाडी चार मिनिटांच्या चालीवर. दोन्ही गाड्या पत्र्याच्या टपाच्या, काचा वर. गाडी वाचवते ती टायरच्या रबरामुळे नव्हे. वीज किलोमीटरभर हवा फोडून येते, तिला चार बोटं रबर काय अडवणार? धातूची टप वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरवते, म्हणून आत बसून दारा-खिडक्यांच्या धातूला हात लावायचा नाही. रबरी बुटांचंही तेच, काही उपयोग नाही.

आमची ताडपत्रीची शेड उन्हाला चांगली, विजेला कुचकामी. हे दोन आसरे वेगळे आहेत हे सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. झाडाखाली तर नाहीच. वीज झाडावरून माणसावर उडी मारते आणि जमिनीतून पसरते. झाडाखाली उभी गुरं एकाच वेळी मरतात, ती या जमिनीतल्या प्रवाहाने : पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात आणि प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो.

आमच्या कामावर आणखी एक गोष्ट, जी कुठल्या पत्रकात नव्हती. चराच्या कडेला जोडून ठेवलेली पाइपची सलग ओळ आज ३६० मीटर झाली. एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाला हात लावलेल्या माणसाला ती बसेल, मग त्याच्या डोक्यावर आभाळ निरभ्र का असेना. गडगडाट ऐकू आला की पाइपला हात नाही.

विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच हात लावायचा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. एकापेक्षा जास्त जण पडले तर जो मेल्यासारखा दिसतो त्याच्याकडे आधी जायचं. विव्हळणारा श्वास घेतोय. निपचित पडलेल्याचं हृदय नुसतं थांबलेलं असू शकतं, आणि ते परत सुरू होऊ शकतं. आठ जणांकडून गोणीवर सराव करून घेतला.

२ जून

रात्री ४० मिनिटं जोराचा पाऊस. सकाळी लख्ख ऊन.

चरात कोणाला उतरू दिलं नाही. पोकलेनचे दादा म्हणाले, “पाऊस तर गेला साहेब.” त्यांना कडेला घेऊन गेलो. चराच्या धारेपासून दोन फूट आत, चराला समांतर, एक भेग. रुंदी जेमतेम नखाएवढी. तिच्यात गवताची काडी सोडली, ती पूर्ण आत गेली. दुसरी लांब काडी सोडली, तीही गेली. आम्ही दोघं न बोलता मागे सरलो. पावणेदहाला ती कड बसली, साधारण चार मीटर लांब. आवाज फार झाला नाही, पोतं ठेवल्यासारखा.

एक घनमीटर माती दीड ते पावणेदोन टन भरते, भिजली की जास्तच. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो : श्वास सोडला की माती आणखी आवळते आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगत नाही. पावसात कोणी चरात उतरत नाही, त्यामुळे पावसात कोणी मरत नाही. मरतात ते ऊन पडल्यावर.

पाऊस, वारा किंवा रात्र गेली की आधी पाहणी, मग माणूस. १.५ मीटरच्या पुढे आधाराच्या प्लेटा. काढलेली माती कडेपासून किमान ६० सेंटिमीटर लांब, आम्ही मीटरभर ठेवतो. कोणापासूनही ७.५ मीटरच्या आत शिडी.

१६ जून

ओढ्याचं क्रॉसिंग. पात्र कोरडं, मध्ये घोट्याइतकी धार. इथे ऊन.

वरच्या अंगाला दीड किलोमीटरवर एक माणूस बसवला, हातात फोन आणि हवेचा भोंगा. त्याला एकच काम. सव्वादोनला फोन आला : धार गढूळ झाली, काटक्या येतायत. सात जणांना वर घेतलं, पंप तसाच सोडला. २० मिनिटांनी पंप दिसेनासा झाला. आमच्यावर पावसाचा थेंब नव्हता.

वेगाचं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी उभ्या माणसाचे पाय काढू शकतं, ३० सेंटिमीटर छोटी मोटार वाहून नेऊ शकतं. पंपाचा प्रश्न ठेकेदारांनी विचारला. मी या वहीतली ‘२ वाजून १५’ ही ओळ दाखवली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

३० जुलै

टेकाडावर. दिवसभर झिमझिम, बोचरा वारा, पारा बराच खाली. एप्रिलमधली पानं चाळली तर दुसऱ्याच जगातली वाटतात, पण माणसं तीच आहेत आणि चूकही तीच : थंडी ‘एवढी’ नाही असं सगळे म्हणतात.

चार वाजता फिटरला नट बोल्टवर बसवता येईना. तीनदा पडला. हात थरथरत होते, बोलणं जड. मग आठवलं, एप्रिलमध्ये याच फिटरने वेल्डरला ओळखलं होतं. गाडीत नेलं, ओले कपडे काढले, कोरडी घोंगडी, गरम गोड पाणी. पाणी अंगातली ऊब स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढतं, त्यामुळे भिजलेल्या माणसाला गारठून मरायला बर्फ लागत नाही. शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका. कापरं भरणं हे अजून बरं लक्षण. कापरं थांबलं आणि माणूस सुस्तावला तर ते बरं वाटणं नव्हे.

प्रत्येकाचा कोरड्या कपड्यांचा एक जोड, प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीत. आजपासून.

११ ऑगस्ट

शेवटचे ६५० मीटर. धुकं. क्रेनवाल्याला खुणा करणारा दिसत नाही, म्हणून उचल थांबवली. साडेनऊपर्यंत निवळलं तर सुरू.

वेल्डर परतला. तीन महिन्यांहून जास्त काळ बाहेर होता, म्हणून त्याला नव्या माणसासारखं पाच दिवसांत पूर्ण कामावर आणायचं. त्याने स्वतःच विचारलं, “पहिल्या दिवशी किती?” २० टक्के.

उद्या गाडी चेनेज १०/४०० ला, म्हणजे सुरुवातीपासून १० किलोमीटर ४०० मीटरवर. दुपारनंतर गडगडाटाचा अंदाज आहे. पाइपची ओळ आज रात्रीच चरात उतरवली, वर जोडलेली एकही लांबी शिल्लक नाही.